न झालेल्या जंक्शनचा इतिहास

गेल्या दिवाळीत गडमुडशिंगीला घरी गेलो होतो. पुढ्यात फराळाचं ताट, आणि शेजारी काका मोबाईल घेऊन येऊन बसले. म्हणाले, "ह्ये बघ रं. तू शिकलेला हाईस, ह्यातलं काय कळतंय का सांग."

फोटो होता. पिवळा पडलेला कागद, वर मोठ्या अक्षरांत 'करवीर सरकार', खाली १९११ सालची तारीख. मौजे गडमुडशिंगी येथील पुढील सर्व्हे नंबरांच्या जमिनी रेल्वे जंक्शनकरिता घेण्यात येत आहेत, कोणाची हरकत असल्यास अमुक दिवसांत कळवावी, वगैरे. त्याखाली चार आकडे. फोटोबरोबर नेहमीचा मजकूर: तुम्हाला माहीत आहे का, आपल्या गावात जंक्शन होणार होतं? खरा इतिहास सगळ्यांना पाठवा.

काकांनी तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं. "ह्यो जुना नंबर आपल्या रानाचा हाय. म्हंजी जमीन तवा सरकारजमा झालेली? मग परत कवा दिली? आन् दिली आसंल तर त्याचा कागुद कुठाय?"

मंडळी, चकली घशात अडकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. कारण ती नोटीस मी लिहिली होती. कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला होता, कडा मेणबत्तीवर धरल्या होत्या. आकडे मनाला येतील तसे टाकले होते. (मनाला आकडे कुठून येतात हे नंतर लक्षात आलं. तो नंबर मी लहानपणी घरातल्या कागदांवर शंभर वेळा पाहिला असणार.)

आता पहिल्यापासून सांगतो.

आम्ही चार मित्र. तिघं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, चौथा कोल्हापुरात फाउंड्रीवाला. चौथ्याच्या राजारामपुरीतल्या घरी वरची एक खोली रिकामी आहे. तिथे गेली काही वर्षं आम्ही छोट्या रेल्वेचा लेआउट बांधतोय. क्लब म्हणायचं म्हणून म्हणायचं. वर्गणी म्हणजे फेव्हिकॉल आणि मिसळ. ऊस बनवलाय केरसुणीच्या काड्यांचा, झाडं वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची, आणि जमीन आमच्याच रानातली काळी माती चाळून. हसू नका, बाजारात मिळणाऱ्या कुठल्याच रंगाला तो काळा जमत नाही.

आमच्या धंद्यातल्या लोकांना या छंदाबद्दल एक गोष्ट साधारण ठाऊक असते. एमआयटीमध्ये १९४६ पासून एक मॉडेल रेलरोड क्लब आहे, आणि 'हॅक' हा शब्द आज आपण ज्या अर्थानं वापरतो तो त्या क्लबातून आला. टेबलाखाली टेलिफोनच्या रिले जोडत बसणारी पोरं रात्री टीएक्स-झिरो या कॉम्प्युटरवर जाऊन बसायला लागली. १९६२ मध्ये तिथे 'स्पेसवॉर' हा खेळ तयार झाला, तेव्हा त्याचे कंट्रोल बॉक्स क्लबातल्याच सुट्या भागांतून जोडले होते. स्टीव्हन लेव्ही यांच्या 'हॅकर्स' या १९८४ च्या पुस्तकाची सुरुवातच या क्लबापासून होते. आपण सगळे त्या टेबलाखालच्या लोकांचे वारसदार, असं म्हणून कॉलर ताठ करायची पद्धत आहे.

पण त्याच पुस्तकात दुसऱ्या गटाचाही उल्लेख आहे, आणि तो आपण वाचून सोडून देतो. टेबलावरचे लोक. त्यांना वायरिंगशी देणंघेणं नव्हतं. ते डबे रंगवायचे, जुन्या रेल्वे कंपन्यांचे इतिहास वाचायचे. आपली गाडी कुठली, कुठल्या सालची, डब्यात माल काय भरलाय, या प्रश्नांवर त्यांची डोकी चालायची. मी स्वतः खालचा. आमच्या लेआउटची सगळी सर्किटं माझी. पण चौघांत मराठी त्यातल्या त्यात बरं लिहितो म्हणून वरचं काम, म्हणजे इतिहास लिहायचं काम, माझ्या गळ्यात पडलं.

कल्पित रेल्वेला इतिहास कशाला लागतो, असं कोणीही विचारील. मलाही आधी ते भंपक वाटलं होतं. पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ पासून. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी पोरांना घेऊन ते पाहिलं असेल. तिथल्या त्या छोट्या शहराला इतिहास नाही, आणि त्याला तो लागतही नाही. दिवे मंद होतात, गाड्या धावायला लागतात आणि आपण आठ वर्षांचे होतो. त्या माणसानं आयुष्यभराच्या वेडातून हे उभं केलं, त्याला तोड नाही. पण ते गाड्यांचं शहर आहे. गाडी कुठून आली असं तिथे कुणी विचारत नाही.

ज्यांनी ते विचारलं त्यांची जात वेगळी. 'थॉमस द टँक इंजिन' लिहिणारे रेव्हरंड ऑड्री घ्या. त्यांच्या गोष्टी १९४५ पासून छापल्या जायला लागल्या, आणि लहान वाचकांनी पत्रं पाठवून चुका काढायला सुरुवात केली. हे स्टेशन त्या स्टेशनाच्या अलीकडे की पलीकडे? (बग रिपोर्ट!) तेव्हा ऑड्रींनी इंग्लंड आणि आइल ऑफ मॅन यांच्यामध्ये सोडोर नावाचं बेटच घातलं. नाव मिळालं तिथल्या बिशपच्या पदवीवरून. बिशप 'सोडोर अँड मॅन'चा, पण मॅन नावाचं बेट आहे आणि सोडोर नावाचं नाही. एवढी मोकळी जागा त्यांना पुरली. मग भावाच्या मदतीनं त्या बेटाचे राजे, खाणी, भाषा, रेल्वे कंपन्यांची विलीनीकरणं, सगळं रचलं, आणि १९८७ मध्ये त्याचं रीतसर पुस्तक काढलं. अमेरिकेत ॲलन मॅक्लेलंड यांनी घराच्या तळघरात 'व्हर्जिनियन अँड ओहायो' नावाची कोळशाची रेल्वे वसवली. त्यांचं म्हणणं असं, की तळघराची भिंत आली म्हणजे रेल्वे संपत नाही. भिंतीपलीकडे खरा देश आहे, तिथून डबे येतात आणि तिकडे जातात. आपल्याकडे आर. के. नारायण यांनाही मालगुडी सुचलं ते आधी एका छोट्या रेल्वे स्टेशनच्या रूपात. गाव मागनं आलं.

ही सगळी मंडळी कल्पनेला कुंपण घालतात. एकदा 'गाडीत गूळ आहे' म्हटलं की गुऱ्हाळ लागतं, पेठ लागते, गूळ कोण विकत घेतं ते लागतं. लेआउटवर ठेवलेली प्रत्येक वस्तू मग कारण मागते.

आमची कल्पना म्हटली तर सोपी. कोल्हापूरची खरी रेल्वे हीच मुळात मजेशीर गोष्ट आहे. 'कोल्हापूर स्टेट रेल्वे', मिरज ते कोल्हापूर, २९ मैल, मीटरगेज. १८८८ मध्ये कामाचा आरंभ झाला तेव्हा शाहू महाराज जेमतेम तेरा-चौदा वर्षांचे होते; राज्यकारभार हाती यायला अजून सहा वर्षं होती. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. रूळ संस्थानच्या मालकीचे, पण गाड्या चालवायचं काम सदर्न मराठा रेल्वेकडे. म्हणजे इन्फ्रास्ट्रक्चर आपलं, ऑपरेशन्स आउटसोर्स केलेलं. या रुळांच्या आधारानं काय काय उभं राहिलं पाहा: १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी, १९०६ मध्ये शाहू मिल, १९१७ मध्ये आखीव रस्त्यांचं जयसिंगपूर, अख्खं नवं गाव.

आणि मग रूळ संपतात. कोल्हापूर १८९१ मध्येही शेवटचं स्टेशन होतं आणि आजही आहे. १९७१ मध्ये मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं, पण ज्या वाटेनं यायचं त्याच वाटेनं परत. पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर गगनबावडा, खाली कोकण. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तिथे 'वैभववाडी रोड' नावाचं स्टेशनही आहे. कोल्हापूर–वैभववाडी मार्ग २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात जाहीर झाला. त्या मार्गाच्या बातम्या वाचत आमची एक पिढी लग्नाची झाली.

तर आम्ही ठरवलं की आमच्या जगात ही रेल्वे तेव्हाच झाली. कोल्हापूर स्टेशनच्या पुढे शहर दाटलेलं, तिथून रूळ काढणं अवघड. म्हणून वळिवड्याच्या अलीकडे फाटा फुटतो, गडमुडशिंगीत जंक्शन होतं आणि शहराला दक्षिणेकडून वळसा घालून गाडी बावड्याकडे जाते. वर येताना मीठ, सुकी मासळी, नारळ. खाली जाताना गूळ, तंबाखू, सरकी. लेआउटचं साल १९३८. युद्धाच्या आधीचं घेतलं, कारण युद्धाचा गोंधळ नको.

तिथे पहिलं भांडण झालं. फाउंड्रीवाल्याचं म्हणणं, की इतिहासात शाहू महाराजांचा हुकूम दाखवायचा. मी नाही म्हणालो. खऱ्या माणसाच्या तोंडी खोटा हुकूम घालायचा नाही. त्यांनी १९०२ मध्ये काढलेला पन्नास टक्के राखीव जागांचा खरा हुकूम आहे. त्याच्या शेजारी माझी चहात बुडवलेली आज्ञा? असो. माझं ऐकलं. पण खालच्या एका खात्याची नोटीस चालेल, असं मीच सुचवलं. हुकूम नको म्हणणारा माणूस नोटिशीवर कसा आला, हे मला आता विचारू नका.

मग गणित. आमचं माप १:८७. त्या मापात मिरज–कोल्हापूर म्हणजे सुमारे ५४० मीटर, आणि खोली आहे चौदा फूट. म्हणून मधली सगळी स्टेशनं गाळायची, अंतरं दाबायची. छंदातले सगळेच तसं करतात. पण घाट दाबता येत नाही. कोकणात उतरायला ५०० मीटर धरा, तर १:८७ मध्ये पावणेसहा मीटर उंची लागते. आमच्या खोलीची दहा फूट. भोर घाटासारखा ३७ ला १ चढ धरला तर साडेअठरा किलोमीटर रूळ, म्हणजे लेआउटवर दोनशे मीटरच्या वर. सरळ अशक्य! तेव्हा आम्ही सगळे करतात तेच केलं. गगनबावड्याला एक बोगदा काढला. गाडी त्यात शिरते, टेबलाखाली जाते, तिथे दोन मिनिटं थांबते आणि कोकणातून आल्यासारखी परत येते. इतिहासात मी लिहिलं: 'घाटाचे काम पाच वर्षांत पूर्ण झाले.' बस. एक ओळ.

ती ओळ मला तेव्हा खुपली नाही. खुपली ती दिवाळीनंतर, काकांच्या प्रश्नानंतर.

फोटो बाहेर कसा गेला ते थोडक्यात सांगतो. एका शाळेच्या प्रदर्शनात आम्ही लेआउटचा एक तुकडा मांडला होता आणि मागे नोटीस लावली होती. खाली बारीक अक्षरात 'कल्पित' असं लिहिलेलं. कुणीतरी फोटो काढला, बारीक अक्षरं कापली गेली. बाकीचं काम मोबाईलनं केलं. १९११ च्या कागदाला कॉम्प्युटरचा फॉन्ट कसा, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. हातानं लिहिलेलं दप्तर त्या काळी मोडीत असायचं, तेही नाही.

आता हा निव्वळ विनोद झाला असता, गाव दुसरं असतं तर. उजळाईवाडीचा विमानतळ आमच्या शिवेला लागून आहे. तो राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ चा. अलीकडे त्याच्या विस्तारासाठी गडमुडशिंगीची जमीन संपादनात गेली. आमचं रान त्यात नव्हतं. पण ज्यांचं होतं त्यांच्या घरी नकाशा, नंबर, हरकत, मोबदला हे शब्द रोज जेवताना बोलले जातात. त्या गावात मी एक खोटी संपादनाची नोटीस सोडली, आणि वर सर्व्हे नंबर दिले. शोभेसाठी!

काकांना सगळं खरं सांगितलं. त्यांना वाटलं होतं जमिनीला जुना डाग निघाला. तो नाही म्हटल्यावर चेहरा सैल झाला. रागावले नाहीत. बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बरं, खोटी तर खोटी. पण ती जी तुमची रेल्वे हाय, ती कुणाच्या रानातनं नेलीस?"

मी म्हटलं, "कुणाच्याच नाही काका, ती नाहीच आहे."

"आसं कसं? गाव खरं हाय न्हवं? मग रानं बी खरीच की."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुण्याला परत आल्यावर इतिहास पुन्हा वाचायला घेतला आणि त्या एका ओळीशी अडकलो. घाटाचे काम पाच वर्षांत पूर्ण झाले. खरा भोर घाट १८५६ ते १८६३ असा बांधला गेला. १८६१ मध्ये तिथे एका वेळी ४२ हजार माणसं कामाला होती. पटकी, ताप, सुरुंग, दरडी. मेलेल्यांचा आकडा हजारांत जातो. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची बायको ॲलिस हिनं ठेका हातात ठेवून काम पुरं करवून घेतलं. ही गोष्ट रेल्वेच्या प्रत्येक पुस्तकात आहे, आणि असायलाही हवी. बाकीच्या हजारोंची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. मी माझ्या कल्पनेत एक घाट बांधला, त्याला मरणारे लोक दिले नाहीत आणि घाट टेबलाखाली ढकलला. मॉडेल करताना वस्तू लपवावी लागते, ठीक आहे. पण इतिहास लिहिताना जागेची अडचण नव्हती. मला कोणी अडवलं होतं?

दुसरी गोष्ट १९३८ सालाची. युद्ध नको म्हणून ते साल घेतलं ना आम्ही? आमच्या कल्पित जंक्शनच्या पुढचं खरं स्टेशन वळिवडे. तिथे १९४३ पासून पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत युनियननं त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे पाठवलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली आणि रेल्वेनं आमच्या उसात उतरली. त्यांनी इथे शाळा चालवल्या, चर्च केलं, नाटकं बसवली. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली, आणि त्याच बराकींत फाळणीनं उठवलेली सिंधी कुटुंबं आली. त्याचं झालं गांधीनगर, जिथे आज अर्धा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधतो. २०१९ मध्ये छावणीतली तेव्हाची पोरं, आता ऐंशी-नव्वदीची, पोलंडहून वळिवडे बघायला आली होती.

कोणी असा इतिहास रचून आणला असता तर मी पहिल्याच वाचनात फेटाळला असता. म्हटलं असतं, जरा पटेल असं लिही रे. आणि आमच्याकडे काय होतं? मीठ आणि सुकी मासळी.

शेवटी आम्ही दोन-तीन बदल केले. लेआउटचं साल १९४४ केलं. वळिवड्याच्या बाजूला बराकींची एक रांग घातली. फाउंड्रीवाल्याच्या आईनं पोलिश बायकांच्या झग्यांना रंग दिला, तो बाजारातल्या कुठल्याही आकृत्यांपेक्षा सरस आहे. नोटीस फाडली. मूळ फाइलही उडवली. मोबाईलवरचे फोटो अजून फिरतायत. मागच्या महिन्यात तो आमच्याच ऑफिसच्या ग्रुपवर आला, वर 'अभिमान' असं लिहून. मी खाली खुलासा टाकला. दोन अंगठे आले, त्यातला एक माझ्या मॅनेजरचा. खुलासा कुणी पुढे पाठवला नाही.

इतिहासातला घाटाचा भाग आता दोन पानं झालाय. नावं मी अजून दिलेली नाहीत, कारण खोटी नावं देणं बरोबर की न देणं, यावर आम्हा चौघांत एकमत होत नाही. दोघं म्हणतात द्यावीत. फाउंड्रीवाला म्हणतो, खरी नावं कोणी ठेवली नाहीत, मग खोट्यांना कसला मान? मी अजून कुंपणावर.

आणि काका एका रविवारी राजारामपुरीत लेआउट बघायला आले. चपला बाहेर काढून आत आले, देवळात यावं तसे. गाडी दोन फेऱ्या मारून गेली. आमच्या मीटरगेज इंजिनाच्या पोटात स्विस मोटर आहे हे मी हौसेनं सांगितलं, ते त्यांनी ऐकून सोडून दिलं. १९७१ च्या आधी त्यांनी खरी गाडी पाहिलेली, म्हणाले, "आवाज न्हाई आला तिच्यासारखा." मग वाकून बराच वेळ जंक्शनच्या मागचं रान बघत राहिले. मी तिथे अंदाजानं आमची विहीर ठेवली होती, रुळापासून चार बोटांवर.

"हितं न्हाई ही," म्हणाले. आणि विचारायच्या आत दोन बोटांनी तिची कड धरून उपटली. फेव्हिकॉलसकट निघाली. एक वीतभर पलीकडे, केरसुणीच्या उसात नेऊन ठेवली.

१:८७ मध्ये एक वीत म्हणजे वीस मीटर. मी रुळाकडे पाहिलं. फाट्याचा दुसरा रूळ आता बरोब्बर विहिरीवरून जात होता.

"सरकीव की मग," काका म्हणाले. "तुमचीच रेल्वे हाय न्हवं?"